लेकीच्या आभाळात गुरू मावळत नाही

आमच्या वर्तकनगरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की पश्चिमेला येऊरचा डोंगर आडवा येतो. त्यामुळे शुक्र असो की चंद्रकोर, आमच्याकडे ती पंचांगातल्या वेळेच्या थोडी आधीच मावळते. पूर्वेला माजिवड्याचे टॉवर, दक्षिणेला वागळे इस्टेटचा उजेड. यातून जेवढं आभाळ उरतं तेवढं मी तीस वर्षं बघत आलोय. तारे फार दिसत नाहीत. अमावास्येलासुद्धा कृत्तिकांचा पुंजका म्हणजे एक धुरकट डाग वाटतो, आणि आकाशगंगा बघायची तर वांगणीच्या पुढे जावं लागतं. पण ग्रह दिसतात. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट आले, तरी गुरू दिसतो, शुक्र दिसतो, मंगळ जवळ आला की निखाऱ्यासारखा दिसतो. शहरातल्या माणसाला आभाळाशी बांधून ठेवणारे हेच पाच जण, असं मी मानतो.

मी वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूममध्ये टर्नर होतो. माझी सहा इंची आरशाची दुर्बीण मी तिथेच, सुट्टी झाल्यावर लेथवर बसून केली. आरसा विकत आणला, बाकीचं सगळं घरचं. ती तयार झाली २००३ साली. त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री शनी बरोबर सूर्यासमोर आला होता, म्हणजे प्रतियुतीत, आणि होता मिथुन राशीत. खाली सोसायटीत गाणी लागलेली, बारा वाजले तसे फटाके सुरू झाले, आणि शनी आमच्या अगदी डोक्यावर. लेक तेव्हा दहा वर्षांची. डोळा लावायची नेत्रिका उंचावर होती म्हणून तिला स्टुलावर उभी केली. एक डोळा मिटता येईना, तर तिने तो हाताने झाकून घेतला. कडी त्या वर्षी चांगली रुंद उघडलेली होती. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, हा चिकटवलाय का?"

ती पोरगी आज नॉर्वेत ट्रॉम्सोला असते. तिथले लोक त्रुम्सो म्हणतात, असं ती मला दर वेळी सांगते आणि मी दर वेळी ट्रॉम्सोच म्हणतो. समुद्रातल्या जीवांवर संशोधन करायला गेली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर, ट्रॉम्सो जवळजवळ ७० वर. जाताना तिच्या सामानात मी एक वस्तू ठेवली. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सपाट कडेवर चिकटवलेली रिकाम्या बॉलपेनची नळी, आणि मधल्या भोकातून ओवलेल्या दोऱ्याला सहा एमएमचा नट. गवंड्याचा ओळंबा असतो तसंच. नळीतून तारा धरायचा, दोरा स्थिर होऊ द्यायचा, बोटाने दाबून धरायचा आणि आकडा वाचायचा. नव्वदातून वजा केला की ताऱ्याची उंची मिळते. गच्चीवरून ध्रुव धरला की दर वेळी १९. एखाद्या दिवशी १८, एखाद्या दिवशी २०, पण त्याच्या बाहेर कधी नाही. असे दोन कोनमापक मी केले होते, एक माझ्याकडे राहिला.

तिचा तिथला पहिला सप्टेंबर मला चांगला आठवतो. आमच्याकडे गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. रायलादेवी तलावावरून परत येताना ढग फाटले आणि रस्त्यातच मी थांबलो. पश्चिमेला शुक्र, त्याच्यावर गुरू, दक्षिणेला अर्ध्या चंद्राच्या अगदी शेजारी शनी, आणि आग्नेयेला मंगळ. त्या वर्षी जुलैच्या शेवटी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येऊन गेला होता, त्याची लाली अजून उतरली नव्हती. चार ग्रह आणि चंद्र एका कमानीत. हातात रिकामा पाट, डोक्याला गुलाल, आणि मी मान वर करून उभा. बायको म्हणाली, "चला, आरतीचं सामान सांभाळा आधी." घरी येऊन लेकीला लांबलचक मेसेज टाकला. आज रात्री नक्की बघ, असं आभाळ पुन्हा लवकर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिचा आवाज उतरलेला होता. "बाबा, इथे काहीच नाहीये. मी दीड तास उभी होते. एकपण नाही. आणि चंद्रसुद्धा नाही. अर्धा चंद्र असताना चंद्र कुठे जातो?"

मी कागद घेऊन बसलो. हिशोब सोपा आहे, पण तोपर्यंत मी तो कधी करूनच पाहिला नव्हता, कारण ठाण्यात राहणाऱ्याला तो करायची वेळच येत नाही.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. आमच्याकडे ध्रुव १९ अंशांवर, म्हणजे आकाश ज्या आसाभोवती फिरतं तो आस जवळजवळ आडवा पडलेला. लेथचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा भाग, तसाच फिरतो. म्हणून आमच्याकडे ग्रह पूर्वेला उगवला की जिन्यासारखा वर चढतो, माथ्यावर येतो, आणि पश्चिमेला तसाच सरळ उतरतो. ट्रॉम्सोला ध्रुव ७० अंशांवर. तिथे आस जवळजवळ उभा. माझी आई जातं ओढायची ते आठवलं. मधली खीळ उभी, आणि हातातला खुंटा जमिनीला समांतर गोल गोल फिरतो, वर चढत नाही की खाली उतरत नाही. ठाण्याचं आभाळ चकासारखं फिरतं आणि ट्रॉम्सोचं जात्यासारखं, एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

ग्रह काही आभाळात कुठेही भटकत नाहीत. सूर्याची जी वर्षभराची वाट, आयनिकवृत्त, तिच्याच आजूबाजूने सगळे जातात. चंद्रही. त्या वाटेचा एक टोकाचा भाग उत्तरेकडे उचललेला आहे, वृषभ आणि मिथुन, जिथे सूर्य जूनमध्ये असतो. दुसरं टोक दक्षिणेकडे दबलेलं, वृश्चिक आणि धनू, जिथे सूर्य डिसेंबरात असतो. ट्रॉम्सोला डिसेंबरात सूर्य उगवत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण मग धनू राशीत बसलेला कोणताही ग्रह तिथे उगवणार नाही, कारण ती सूर्याचीच डिसेंबरातली जागा. सूर्य त्या भागातून दीड-दोन महिन्यांत निघून जातो. गुरूला सगळी वाट चालायला बारा वर्षं लागतात, म्हणून त्याची तिथली लांब रात्र दोन वर्षांची. शनीला साडेएकोणतीस वर्षं, म्हणून त्याची पाचेक वर्षांची. चंद्राची दर महिन्याला काही दिवसांची. २०१८ च्या सप्टेंबरात शुक्र, गुरू, शनी, मंगळ आणि त्या दिवशीचा चंद्र, सगळे दबलेल्या बाजूला एकत्र होते. माझी लेक नेमकी तेव्हाच तिथे पोचली होती. ठाण्यात ज्यामुळे आभाळ भरलेलं होतं त्यामुळेच तिचं रिकामं होतं.

हे तिला फोनवर समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शनी इथे कधी येणार?" मी म्हटलं, तीन वर्षांनी थोडा थोडा दिसायला लागेल. "तीन वर्षं, बाबा?" परक्या गावात नवीन गेलेल्या माणसाला तीन वर्षं किती मोठी वाटतात हे मला त्या आवाजात कळलं. पुढचे काही दिवस मी तिला ग्रहांचं काही कळवलं नाही.

मग आलं २०२०. तिचं डिसेंबरचं तिकीट होतं, ते करोनात रद्द झालं. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ आले की मधलं अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढं राहिलं. बघता येईल अशी इतकी जवळची युती १२२६ नंतर पहिल्यांदाच होत होती. सोसायटीतल्या लोकांना मी एकेक मजला करून वर बोलावलं, सगळे मास्क लावून. नेत्रिकेला डोळा टेकवू नका, लांबूनच बघा, असं सांगत होतो आणि दर माणसामागे कापूस फिरवत होतो. एकाच दृश्यात गुरू, त्याचे चंद्र, आणि वर कड्यासकट शनी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, जिना चढून आल्या. बघून झाल्यावर त्यांनी दुर्बिणीलाच हात जोडले. आठाच्या आत दोघंही येऊरमागे गेले. लेकीने तेव्हा फोनच्या स्क्रीनवर तो ठिपका पाहिला. तिच्याकडे ते दोघे दुपारी क्षितिजाच्या रेषेवर येऊन डोंगरामागच्या डोंगरामागून निघून जात होते. मला त्या रात्री जो आनंद झाला तो खरा होता, आणि तो पूर्ण नव्हता हेही खरं.

यानंतर मात्र वाट वर चढायला लागली. गुरू कुंभेत, मीनेत, मेषेत. दर वर्षी तिच्याकडे तो आधीच्यापेक्षा उंच. २०२४ संपताना तो वृषभेत, रोहिणीच्या जवळ आला, आणि मंगळ मिथुनेकडे निघाला. मी बायकोला म्हटलं, आता जायचं. सगळे घर बदलून वरच्या मजल्यावर आलेत.

१७ जानेवारी २०२५ ला आम्ही पोचलो. मुंबईहून निघताना संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून बायकोने तिळगुळाचे दोन डबे घेतलेले. माझी ताई त्याच आठवड्यात प्रयागला महाकुंभाला निघाली होती. तिने फोनवर सांगितलं, "अरे, गुरू वृषभेत आणि रवी मकरेत, म्हणून हा योग. बारा वर्षांनी येतो." मी म्हटलं, ताई, मी त्याच गुरूला बघायला चाललोय, फक्त जरा लांबून.

ट्रॉम्सो बेटावर आहे, मुख्य जमिनीला पुलाने जोडलेलं. चोहीकडे बर्फाचे डोंगर. एवढ्या उत्तरेला असूनही थंडी मला वाटली होती तितकी जीवघेणी नव्हती, समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही. सूर्य नोव्हेंबरच्या शेवटी जातो तो जानेवारीच्या मध्यावर क्षितिजावर परत येतो, पण दक्षिणेच्या डोंगरांमुळे गावात तो दिसायला साधारण २१ तारीख उजाडते. त्या दिवसाला तिथे सूर्याचा दिवस म्हणतात आणि जाम भरलेला, साखर लावलेला तळलेला गोड पाव खातात. लेकीच्या शेजारीणबाईंनी चार पाव आणून दिले. बायकोने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि लेकीने त्यांना सांगितलं की आमच्याकडेही सूर्य मकरेत गेला की गोड वाटतात. बाईंनी अर्थ दोनदा विचारून घेतला. "गोड बोला" हे त्यांना फार आवडलं.

आणि काळोख्या दिवसांबद्दल मी जे समजून चाललो होतो ते चूक निघालं. दुपारी तिथे काळोख नसतो. दोन-तीन तास निळा उजेड असतो, इतका निळा की बर्फही निळा दिसतो. आमच्याकडे सूर्य मावळल्यावर सव्वा तासात मिट्ट रात्र होते, तिथे संधिप्रकाश तासन्तास रेंगाळतो. ग्रह बघणाऱ्याला हे महत्त्वाचं, कारण अंधार पडायची वाट बघण्यातच कमी उंचीवरचा ग्रह निसटून जातो. बुध तर तिथल्या माणसाला फार दुर्मीळ. कोपर्निकसला आयुष्यात बुध दिसला नाही अशी एक आख्यायिका आहे. तो पोलंडचा, ५४ अंशांवरचा. ट्रॉम्सो त्याच्याही पुष्कळ वर.

पहिले पाच दिवस ढग. बर्फ पडे, थांबे, परत पडे. गावात अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत उजेड, दाखवणाऱ्या बसगाड्या रोज संध्याकाळी निघत, ढग नसलेलं आभाळ शोधत शंभर-शंभर किलोमीटर जात. आम्ही गेलो नाही. मला अरोराही बघायचा होता, पण मी ज्यांच्यासाठी आलो होतो ते घरावरूनच जाणार होते.

२२ तारखेला दुपारनंतर वारा बदलला. बेटाच्या माथ्यावर एक तळं आहे, प्रेस्टव्हानेट, हिवाळ्यात गोठलेलं. पाच वाजता आम्ही दोघं बुटांना काटे लावून तिथे गेलो. गळ्यात दहा बाय पन्नासची द्विनेत्री, खिशात कोनमापक. तोच, २०१८ चा. नळीची चिकटपट्टी तिने बदललेली होती.

नैऋत्येला एक दिवा हलत होता. लाल, हिरवा, परत पांढरा. मी विमान समजलो आणि ते जवळ यायची वाट बघत राहिलो. ते येईना. "बाबा, शुक्र आहे तो." शुक्र असा लुकलुकतो? ग्रह लुकलुकत नाहीत, तारे लुकलुकतात, हे मी शेकडो मुलांना गच्चीवर शिकवलंय. पण ते आमच्या आभाळापुरतं खरं. ग्रह इतका खाली असला की त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो आणि तोही ताऱ्यासारखा फडफडतो. मोजलं, १३ अंश. हात ताणून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे एक मूठ आणि वर तीन बोटांपेक्षा कमी. चारच दिवसांपूर्वी शुक्र आणि शनी अगदी जवळ येऊन गेले होते. शुक्राच्या खाली उजवीकडे शनी सापडला, मंद, पिवळसर, दहाच्याही आत. लेकीने द्विनेत्री घेतली आणि खूप वेळ तिकडेच धरली. मी काही विचारलं नाही.

मग आग्नेयेकडे वळलो आणि गुरू दिसला. ३४ अंश. भरदार, स्थिर, अजिबात न हलणारा, शेजारी रोहिणी तांबूस. ठाण्यात याच दिवसांत रात्री नऊच्या सुमारास गुरू माथ्यावर असतो, बघायला मान मोडते. इथे तो समोर, एखाद्या माणसाशी बोलावं तसा. द्विनेत्री दिव्याच्या खांबाला टेकवून स्थिर केली तर त्याचे चंद्र दिसले. श्वास लागला की भिंगावर बर्फाची पापुद्री धरत होती, म्हणून दर वेळी श्वास रोखून बघायचं, मग तोंड फिरवून सोडायचा. पूर्वेला मंगळ, आठवड्यापूर्वीच प्रतियुती झालेला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या ओळीत तिसरा होऊन बसलेला. दोन पांढरे-पिवळे आणि एक लाल.

शेवटी ध्रुव. यासाठी मी हातमोजा काढला. नट बोटाला लागला तो तापलेल्या लोखंडासारखा चटका देऊन गेला. दोरा वाऱ्याने हलत होता, लेकीने आपल्या जाकिटाचा आडोसा केला. मी जवळजवळ बर्फावर आडवा झालो, कारण इतक्या वर नळी धरायची तर मान पुरत नाही. दोरा थांबला. बोटाने दाबला. खाली आणून टॉर्चमध्ये बघितलं तर २०. नव्वदातून वीस, सत्तर. तीस वर्षं मी त्या ताऱ्याला एकोणीसवर बघितलं होतं. ५१ अंशांचा फरक मी माझ्या हातांनी, शाळेच्या कोनमापकावर मोजला. पृथ्वी गोल आहे हे मला पाठ होतं. त्या दिवशी ते मापात आलं.

दक्षिणेकडे पाहिलं तर मृग जवळजवळ उभा, अगदी खाली. व्याध डोंगरामागे. अगस्त्य तर इथल्या लोकांनी कधीच पाहिलेला नसणार, तो या क्षितिजावर येतच नाही.

पहाटे चारला गजर लावून मी एकटाच खिडकीशी आलो. ठाण्यात गुरू त्या सुमारास मावळून गेलेला असतो. इथे तो वायव्येला होता, समोरच्या घराच्या छपरावर, मूठभर उंचीवर, आणि खाली न उतरता उजवीकडे सरकत होता. जात्याचा खुंटा. ट्रॉम्सोत जो ग्रह आकाशाच्या विषुववृत्तापासून, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आभाळातल्या वर्तुळापासून, २०.४ अंशांपेक्षा अधिक उत्तरेला असतो तो मावळतच नाही. गुरू त्या रेषेच्या जेमतेम वर होता, उत्तरेच्या क्षितिजाला घासून परत वर चढणारा. मंगळ तर आणखी वर, २५ अंशांवर. दोघंही चोवीस तास क्षितिजाच्या वर. सहा वर्षांपूर्वी जिथे एकही नव्हता तिथे.

त्याच पहाटे मंगळावरून हिरवा पडदा सरकला. अरोरा. तारे आणि मंगळ त्याच्यातून आरपार दिसत होते, जसा मलमलीतून दिवा. मी बायकोला उठवलं, लेकीला उठवलं. तिघं एका खिडकीत, कुणी काही बोललं नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी लेकीने मला एक गोष्ट सांगितली. ६ जून २०१२ ला सकाळी आम्ही दोघांनी गच्चीवरून वेल्डिंगच्या चौदा नंबरच्या काचेतून सूर्यावरून जाणारा शुक्राचा काळा ठिपका पाहिला होता. सूर्य उगवला तेव्हाच शुक्र त्याच्यावर होता, आधीचा भाग आमच्या रात्रीत होऊन गेला होता. तेच अधिक्रमण ट्रॉम्सोला पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसण्यासारखं होतं, कारण जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. आणि याचसाठी १७६९ मध्ये मॅक्सिमिलियन हेल नावाचा व्हिएन्नाचा खगोलज्ञ धर्मगुरू उत्तर नॉर्वेच्या वार्दो बेटावर आख्खा हिवाळा काढून बसला होता. ३ जूनच्या रात्री, मध्यरात्रीच्या सूर्यावर, त्याने शुक्राचं अधिक्रमण पाहिलं. अशा लांबलांबच्या नोंदी एकत्र करूनच पुढे सूर्याचं अंतर काढलं गेलं. एकाच ग्रहाकडे दोन दूरच्या गावांतून बघितलं की तो मागच्या पडद्यावर किंचित वेगळ्या जागी दिसतो, त्या किंचित फरकात सगळं माप लपलेलं असतं. हे ती मला समजावत होती. २००३ साली स्टुलावर उभी होती ती.

पुढचं आभाळ मी तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहून आलोय. गुरू आता हळूहळू सिंहेकडे जाईल, आमच्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचा योग येईल. मग तो उतरणीला लागेल आणि २०३१ च्या आसपास तिच्याकडून पुन्हा दिसेनासा होईल. तोवर शनी चढत चढत वृषभ-मिथुनेत पोचलेला असेल. २०३२-३३ च्या हिवाळ्यात, तिच्या लांब रात्रीत, शनी न मावळता गोल फिरेल, तिने दहाव्या वर्षी पाहिला होता त्याच राशीत. ती तेव्हा तिथेच असेल की नाही हे मी विचारलं नाही. फक्त लिहून ठेवलं.

१ फेब्रुवारीला, परतल्यावर तिसऱ्या दिवशी, मी गच्चीवर होतो. शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. येऊरच्या वर शुक्र आणि त्याच्या शेजारी चतुर्थीची कोर. तिच्याकडे तेव्हा दुपारचे पावणेतीन. फोन लावला. ती तळ्यावरच होती, पाठीमागे मुलं घसरगुंडी करत असल्याचा आवाज येत होता.

"दिसतोय?"

"दिसतोय, बाबा. आभाळ अजून निळं आहे, तरी दिसतोय. बरोबर दक्षिणेला."

"किती?"

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. दोरा स्थिर व्हायला वेळ लागतो.

"वीस."

"इथे पस्तीस. पश्चिमेला. कोर कशी आहे?"

"उभी. जरा कललेली."

"इथे आडवी आहे. होडीसारखी."

"थांबा, आईला द्या फोन," ती म्हणाली, "तिला सांगते."